दुसऱ्या बॅटरीचा हिशेब : प्रस्तावना

गाडीचा सेल्फ मारताना बॅटरीवर क्षणभर जो ताण येतो, तो दिवसभरातल्या इतर कुठल्याही कामात येत नाही. लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण हा सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा असतो. दीडशे अँपिअर तीन सेकंद ओढले, तर बॅटरीतून गेले ते जेमतेम एक अष्टमांश अँपिअर-तास. इंजिन चालू झाले की मिनिटा-दोन मिनिटांत तेवढे भरून निघते. याच्या उलट, गाडीत रात्रभर चालणारा लहान कॉम्प्रेसर फ्रिज सरासरी दोन अँपिअरच घेतो, पण आठ तासांत सोळा अँपिअर-तास संपवतो. मारुती ओम्नीसारख्या गाडीला कंपनीकडून मिळणारी बॅटरी साधारण ३५ एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची, असते. म्हणजे सकाळपर्यंत जवळजवळ अर्धी बॅटरी उतरलेली, आणि धक्का मारायला माळशेजच्या पठारावर माणसे शोधावी लागणार.

कॅम्पर व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी लागते ती या दोन कामांच्या स्वभावभेदामुळे. ‘एक मोठी बॅटरी टाकली तर चालणार नाही का’ हा प्रश्न नवखा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो. त्याचे उत्तर बॅटरीच्या पोटात आहे. सेल्फच्या बॅटरीत शिशाच्या पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. आम्लाशी संपर्क येणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितका प्रवाह एकदम बाहेर पडतो. मात्र अशी बॅटरी वारंवार खोलवर उतरवली, तर पातळ प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी गाळ होतो. खोल उतरवण्यासाठी बनवलेल्या बॅटरीत प्लेटा जाड असतात. घरगुती इन्व्हर्टरला लागते ती ट्यूब्युलर बॅटरी याच कुळातली. ती सावकाश आणि बराच वेळ देते, पण एकदम मोठा प्रवाह देण्यात कमी पडते. एकीकडून दुसरीचे काम करून घेतले की दोन्ही कामे बिघडतात आणि बॅटरीही जाते.

दोन बॅटऱ्या आल्या की तिसरा प्रश्न येतो. दोघींना चार्ज करणारा अल्टरनेटर एकच. गाडी चालू असताना त्या जोडलेल्या हव्यात, गाडी उभी असताना तोडलेल्या. ही जोडतोड जो करतो तो आयसोलेटर. पुष्कळांना वाटते की आयसोलेटर दुसऱ्या बॅटरीला चार्जिंग ‘देतो’. चार्जिंग तर नुसती तार टाकली तरी मिळेल. आयसोलेटरचे खरे काम तोडण्याचे आहे, आणि योग्य वेळी तोडणे हे जोडण्यापेक्षा अवघड निघाले आहे. या विषयाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बहुतांशी तोडण्याच्या नवनव्या युक्त्यांचा आहे.

फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी प्लेटांवर लेप देण्याची पद्धत काढली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. मोटारीत तिला पक्की जागा मिळाली १९१२ नंतर, चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ कॅडिलॅक गाडीत आला तेव्हा. त्याआधी हँडल फिरवावे लागे. त्या काळच्या गाडीत वीज तयार करायला डायनामो असे, आणि डायनामोची एक खोड होती. इंजिन थांबले की बॅटरीची वीज उलटी डायनामोत शिरायची. ते थांबवण्यासाठी ‘कटआऊट’ नावाचा छोटा चुंबकी स्विच बसवला जाई. डायनामोचे व्होल्टेज बॅटरीच्या वर गेले की तो जोडायचा, खाली आले की तोडायचा. आजचे आयसोलेटर या कटआऊटचेच वंशज आहेत. १९६० च्या दशकात डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, त्याच्या पोटातल्या डायोडांनी उलटा प्रवाह आपोआप अडवला, आणि कटआऊट गाडीतून गेला. भाषेतून मात्र गेला नाही. कुर्ल्यापासून दहिसरपर्यंतचे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन अजूनही अल्टरनेटरला डायनामो आणि रेग्युलेटरला कटआऊट म्हणतात. गिऱ्हाइकाने त्यांच्याशी बोलताना तेच शब्द वापरलेले बरे.

चालत्या वाहनात वीज साठवून उभ्या वाहनात वापरण्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण रेल्वेच्या डब्यात आहे. लांब पल्ल्याच्या जुन्या डब्यांखाली चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर आणि बॅटऱ्यांची पेटी असे. गाडी धावत असताना दिवे-पंखे अल्टरनेटरवर, थांबली की बॅटरीवर. एखाद्या आडबाजूच्या स्टेशनात गाडी तासभर रखडली की दिवे पिवळे पडू लागत आणि पंखे मंदावत. कॅम्पर व्हॅनचा सारा प्रश्न त्या पिवळ्या दिव्यात दिसतो.

युरोपात फोक्सवॅगनच्या व्हॅनवर वेस्टफालिया कारखान्याने १९५१ पासून राहण्याच्या गाड्या बांधायला सुरुवात केली आणि पुढे राहती गाडी हा एक स्वतंत्र धंदा झाला. अशा गाडीतल्या दोन बॅटऱ्या जोडण्याच्या पद्धती मात्र तीन-चार वेगवेगळ्या परंपरांतून आल्या आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या सामानावर त्या परंपरांचे ठसे आजही आहेत.

पहिली परंपरा बोटींची. तिथे हाताने फिरवायचा जाड स्विच असतो : एक, दोन, दोन्ही, बंद. यात बिघडण्यासारखे फार काही नाही, फक्त माणसाने विसरता कामा नये. माणूस विसरतो. रात्री ‘दोन्ही’वर राहिलेला स्विच सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरवून ठेवतो.

दुसरी डायोडची. दोन मोठे डायोड अल्टरनेटरमधून आलेला प्रवाह दोन बॅटऱ्यांकडे जाऊ देतात, पण एका बॅटरीतून दुसरीत जाऊ देत नाहीत. हलणारा भाग नाही, देखभाल नाही. दोष एकच, पण मोठा : साध्या डायोडवर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. अल्टरनेटरने १४.२ दिले तर बॅटरीपर्यंत १३.६ पोचतात, आणि शिसे-आम्ल बॅटरी एवढ्यावर कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर चढतात. अल्टरनेटरला वेगळी सेन्स वायर असेल तर ही तूट भरून काढता येते. नसेल तर ही पद्धत आता सोडून दिलेली बरी.

तिसरी रिलेची, मुख्यतः युरोपातली. अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या वायरीवरून रिले ओढला जातो, म्हणून इंजिन खरोखर वीज तयार करू लागल्यावरच दोन बॅटऱ्या जुळतात. रिलेच्या पिनांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातून आलेले आहेत आणि ते जगभर तेच आहेत. आपल्याकडे मात्र पुष्कळदा तो ओढायची वायर चार्जिंग दिव्याऐवजी चावीच्या स्विचवरून घेतली जाते. ते सोपे पडते. मग सेल्फ मारतानाही दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतात, सेल्फचा निम्मा प्रवाह मागच्या बॅटरीतून बारीक वायरीने यायला बघतो, आणि फ्यूज जातो. फ्यूज नसेल तर वायर जाते.

चौथी परंपरा ऑस्ट्रेलियातल्या लांब पल्ल्याच्या चारचाकी गाड्यांमध्ये रुजली. तिथे फ्रिजशिवाय प्रवास होत नाही. तिथला रिले चावी किंवा दिवा पाहत नाही, थेट व्होल्टेज पाहतो. सेल्फच्या बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट आले की जोडतो, १२.८ च्या खाली उतरले की तोडतो. एक जाड वायर आत, एक बाहेर, एक अर्थिंग, काम संपले. जुन्या कटआऊटचे तत्त्व नव्या अंगात परत आले ते असे. मागची बॅटरी फार उतरलेली असेल तर जोडताक्षणी व्होल्टेज पडते, रिले सोडतो, व्होल्टेज चढते, पुन्हा पकडतो, आणि सीटखालून टकटक ऐकू येत राहते. चांगल्या रिलेत यासाठी काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो.

या चारही पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात : गाडी चालू असताना अल्टरनेटर चौदाच्या आसपास व्होल्ट देतच राहील. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली आणि अनेक नव्या गाड्यांत हे गृहीतक मोडले. इंधन वाचवण्यासाठी गाडीचा संगणक अल्टरनेटरला कधी जवळजवळ थांबवतो, तेव्हा व्होल्टेज साडेबारापर्यंत उतरते, आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना पंधराच्या जवळ नेतो. व्होल्टेज पाहणारा रिले अशा गाडीत भांबावतो. त्यावरचे उत्तर म्हणजे डीसी-डीसी चार्जर. पुढून काहीही आले तरी तो मागच्या बॅटरीला हवे तेच व्होल्टेज बनवून देतो आणि ठरलेल्या अँपिअरच्या वर, म्हणजे बहुधा २० किंवा ३०, ओढत नाही. किमतीला तो रिलेच्या कित्येक पट. तरी नव्या व्हॅनमध्ये दुसरा शहाणा पर्याय नाही, आणि हे पुस्तक तसे स्पष्ट म्हणते. जुन्या ओम्नीत तो बसवणे मात्र बहुतेकदा पैशाची उधळण ठरते.

लिथियमने हा पक्ष आणखी बळकट केला. कॅम्परमध्ये चालणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ज्या रसायनावर उभी आहे, ते अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आले. १९९७ च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय वंशाचे संशोधक होते. ३.२ व्होल्टच्या चार सेलची ही बॅटरी वजनाने शिशाच्या निम्म्याहून हलकी, आणि तिची बहुतेक सगळी क्षमता वापरता येते. पण तिचा आतला रोध इतका कमी असतो की रिलेने सरळ जोडली तर अल्टरनेटर देईल तितके सगळे ती पिऊन टाकते. घोडबंदर रोडवर गाडी रांगेत उभी आहे, इंजिन मंद फिरते आहे, अल्टरनेटरला वारा नाही, आणि तो पूर्ण ताकदीने चालतो आहे : अशाने तो जळतो. शिवाय या बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहते. १२.८ ला तोडणाऱ्या रिलेला त्यामुळे इंजिन बंद झाल्याचे कळतच नाही, आणि आयसोलेटर तोडण्याचे आपले एकुलते काम विसरतो. आणखी एक मर्यादा मुंबईकराला इथे जाणवणार नाही, पण स्पितीला गेल्यावर जाणवेल : शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते.

मुंबईच्या उपनगरांत हा विषय थोडा उशिरा पोचला, आणि त्यामागे एक गमतीचे कारण आहे. राज्यभर भारनियमन चालू होते त्या वर्षांत नाशिक, अकोला, सोलापूरच्या घराघरांत इन्व्हर्टर आला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा काट गरम पाण्याने धुणे, ही कामे तिथल्या शाळकरी मुलांनाही येतात. अंधेरी-बोरिवलीला वीज फारशी गेलीच नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळे शहर अंधारात गेले ती मोठी बातमी ठरली, कारण तसे सहसा होत नसे. मुलुंड-भांडुप महावितरणकडे आहेत, तिथला अनुभव थोडा निराळा. पण एकंदरीत उपनगरातला मध्यमवर्गीय माणूस बॅटरी म्हणजे ‘दोन-तीन वर्षांनी बदलायची वस्तू’ इतकेच जाणतो. त्याला ती जगवायची असते हे माहीत नसते.

राहत्या गाड्या बांधण्याचे कसब मात्र इथे जुने आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ ची. १९९० च्या दशकात चित्रपटांच्या सेटवर व्हॅनिटी व्हॅन रुळली आणि अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यात गाडीच्या आत सुतारकाम, गादीकाम, एसी आणि वायरिंग करणारे कारागीर तयार झाले. पण व्हॅनिटी व्हॅन सेटवर जनरेटरच्या विजेवर चालते. तिचा एसी बॅटरीला परवडणारा नाही. त्यामुळे २३० व्होल्टचे काम सफाईने करणारा कारागीरही बारा व्होल्टच्या कामात कधी कधी फसतो. घरात अडीच स्क्वेअर एमएमची वायर गीझर ओढते, मग इथे का चालू नये, असे त्याला वाटते. रुग्णवाहिका या विषयाच्या जास्त जवळ आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून रस्त्यावर असलेल्या १०८ च्या गाड्यांमध्ये इंजिन बंद ठेवूनही उपकरणे चालावी लागतात आणि तरी गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हावी लागते. तिथे चूक परवडत नाही, म्हणून त्यांच्या वायरिंगमधून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

उपनगरातल्या गाड्यांची नावे ठरलेली आहेत. १९८४ मध्ये आलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली मारुतीची व्हॅन ऊर्फ ओम्नी, तिच्यामागून २०१० मध्ये आलेली इको, टाटा विंगर, आणि या सगळ्यांत मोठी फोर्स ट्रॅव्हलर. बजाज टेम्पो कंपनीने ती १९८७ मध्ये आणली, कंपनीचे नाव बदलले तरी लोक तिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. ओम्नी आणि इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. तिथली उष्णता बॅटरीची वैरीण. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा कारखानदारांचा जुना ठोकताळा. म्हणून दुसरी बॅटरी जितकी मागे नेता येईल तितकी चांगली. पण मागे नेली की वायर लांबते.

आणि वायर लांबली की तूट वाढते. तांब्याची १६ स्क्वेअर एमएमची वायर पाच मीटर टाकली, जाऊन-येऊन दहा मीटर धरली, तर ५० अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट वाटेत मुरतो. तीच वायर ६ स्क्वेअर एमएमची घेतली तर जवळजवळ दीड व्होल्ट, म्हणजे मागे साडेबाराच पोचणार आणि बॅटरी जन्मभर उपाशी. अर्थिंग गाडीच्या बॉडीवरून घेतले तर परतीची तांब्याची वायर वाचते, मात्र बॉडीवरचा रंग घासून लोखंड उघडे करून, लग आवळून, वर ग्रीस लावावे लागते. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा एक सांधा बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त वेळा दगा देतो. ज्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, तिथे नवीन अर्थिंग थेट त्या टर्मिनलला न लावता बॉडीला लावायचे. नाहीतर गाडीच्या संगणकाला बॅटरीचा हिशेबच लागत नाही.

फ्यूजबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते लांबले आहे असे कुणाला वाटले तरी ते लांबायलाच हवे होते. घरातल्या वायरीला वीज एका टोकाकडून येते. दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीला दोन्ही टोकांकडून येते. वाटेत पत्र्याच्या कडेवर घासून ती उघडी पडली, तर पुढचा फ्यूज उडूनही मागची बॅटरी शेकडो अँपिअर ओतत राहते. म्हणून फ्यूज दोन, प्रत्येक बॅटरीच्या अगदी लगत, वीतभर अंतरात. मुंबईत बसवलेल्या गाड्यांत पुढचा फ्यूज बहुतेक वेळा सापडतो. मागचा शोधावा लागतो.

किती मोठी बॅटरी घ्यायची, हा हिशेब कागदावर करता येतो. फ्रिज दिवसाचे ४८ अँपिअर-तास, पंखा रात्रीचे १२, एलईडी दिवे ७, फोन आणि लॅपटॉप १० : बेरीज ७७. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, तेव्हा १५० ते २०० एएच हवी. लिथियम असेल तर १०० एएच पुरते. भरण्याचा हिशेब मात्र कागदावर फसतो. बोरिवलीहून भंडारदऱ्याला निघालेली गाडी चार-पाच तास चालते खरी, पण त्यातला बराच वेळ ठाण्याच्या आसपास रांगेत जातो आणि मंद फिरणारा अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या निम्मेही देत नाही. त्यात शिसे-आम्ल बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते आणि उरलेले २० टक्के घ्यायला कित्येक तास लावते. प्रवासाच्या तासांवरून चार्जिंगचा अंदाज बांधणारे नेहमी चुकतात. टपावरचे शंभर वॉटचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला साधारण ३० अँपिअर-तास देते आणि शेवटचे वीस टक्के भरायला त्याचा खरा उपयोग होतो. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मात्र ऊन येत नाही. तीन-तीन आठवडे तिथे उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी वापराने नाही, उभी राहूनच मरते. अशा गाडीला महिन्यातून एकदा भिंतीच्या प्लगवरून चार्जर लावणे हाच उपाय, आणि त्यासाठी सेक्रेटरीची परवानगी काढणे हा वायरिंगपेक्षा मोठा प्रकल्प असतो.

हा विषय आत्ताच पुस्तकाला आला याचे एक कारण सरकारी आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, आणि समुद्रकाठी किंवा धरणाच्या काठी गाडीतच मुक्काम करण्याची कल्पना लोकांच्या तोंडी आली. दुसरे कारण घरगुती : चार माणसांच्या कुटुंबाने आपली इको किंवा ट्रॅव्हलर हळूहळू राहण्याजोगी करणे. इथे कायदा लक्षात ठेवावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने नोंदवलेल्या मूळ स्वरूपात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. सीटा काढून पलंग कायमचा ठोकला की प्रश्न आरटीओचा होतो, मग ते अंधेरीचे एमएच-०२ असो, बोरिवलीचे एमएच-४७ किंवा मुलुंड-घाटकोपरचे एमएच-०३. कारखान्यात बांधलेल्या मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. काढता-घालता येणारे सामान आणि कायमचा बदल यांतली रेघ पुस्तकाने जागोजाग दाखवली आहे. आग लागल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा वायरिंगच पाहते, हेही सांगितले आहे.

पुस्तकाचा वाचक दोन जातींचा धरलेला आहे. एक, स्वतः पाना हातात घेणारा. दुसरा, काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणारा, पण समोर उभे राहून काय चालले आहे ते समजू इच्छिणारा. उपनगरात दुसरी जात जास्त, म्हणून प्रत्येक कामानंतर मल्टिमीटरने काय मोजायचे आणि कोणता आकडा आला तर गाडी ताब्यात घ्यायची नाही, हे दिलेले आहे. बंद गाडीत, रात्रभर थांबल्यावर, १२.६ किंवा जास्त. चालू गाडीत मागच्या टर्मिनलवर पुढच्यापेक्षा फार तर तीन दशांश कमी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे एकमेकांपासून वेगळे. डीसी-डीसी चार्जर असलेल्या गाडीत मधला आकडा लागू नाही, तिथे मागचे व्होल्टेज पुढच्यापेक्षा जास्तही दिसते. तिसरी मोजणी बहुतेक जण करत नाहीत, आणि आयसोलेटर तोडतो की नाही हे फक्त तिच्यातूनच कळते.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. बॅटरीवर एसी चालवणे, गॅसची शेगडी, आणि २४ व्होल्टच्या बस यांचा विचार इथे नाही. द्रव आम्लाची बॅटरी झोपण्याच्या जागेत ठेवायची झाल्यास हायड्रोजन बाहेर काढणारी नळी कशी न्यायची, हे मात्र सविस्तर आहे, कारण इन्व्हर्टरची स्वस्त ट्यूब्युलर बॅटरी पलंगाखाली सरकवण्याचा मोह सगळ्यांना होतो. शेवटचे छोटे प्रकरण निकामी बॅटरीचे आहे. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की ती नोंदणीकृत मार्गानेच परत जायला हवी. नवीन बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो, तेव्हा ती त्याच्याकडेच द्यायची आणि पावती घ्यायची. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गेली तर तिच्यातले आम्ल गटारात ओतले जाण्याचा धोका असतो.